वाटाण्यावरची भुरी: पहिला डाग कसा पकडायचा आणि मग हिशोब कसा ठेवायचा

भुरी म्हणजे पानावर पांढरी पूड आणणारा बुरशीचा रोग. पानावर पांढरं दिसलं की कृषी केंद्र गाठायचं, "भुरीवर द्या काहीतरी" म्हणायचं आणि दुकानदार देईल ते पंपात टाकायचं, हे आपल्याकडे सर्रास चालतं. त्यात दोन घोळ होतात. एक तर बरेचदा ते पांढरं म्हणजे भुरी नसतेच, आणि असली तर ती आपल्या डोळ्यात भरेपर्यंत खालच्या पानांवर आठवडाभर मुक्काम ठोकून बसलेली असते. म्हणून इथे औषधाबद्दल थोडंच बोलू, पाहायचं कसं ह्याबद्दल जास्त. पहिल्यांदाच वाटाणा लावला असेल, मग तो कळमेश्वर-सावनेरकडे एकरभर वावरात असो नाहीतर नागपूरच्या त्रिमूर्ती नगरात गच्चीवरच्या चार कुंड्यांत असो, पद्धत तीच, फक्त चक्कर लहान-मोठी.

आधी कधीपासून पाहायचं ते

नागपूरकडे वाटाणा साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पेरतात. काही जण आधीचं पीक निघायची वाट बघता बघता डिसेंबर उजाडवतात, आणि भुरीचा खरा तडाखा ह्या उशिरावाल्यांनाच बसतो, कारण त्यांचा फुलोरा आणि शेंगा भरायची वेळ नेमकी जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारी अशी येते आणि तेव्हाची हवा ह्या बुरशीला अगदी मानवते. लवकर पेरलेला आर्केलसारखा हळवा (लवकर तयार होणारा) वाण भुरी जोर धरायच्या आत दोन तोडे देऊन मोकळा होतो.

आता हवेचं. बुरशी म्हटलं की पाणी, पाऊस, चिखल असं डोक्यात असतं, पण भुरीचं गणित उलटं आहे. हिच्या बीजाणूत स्वतःपुरतं पाणी असतं, त्यामुळे रुजायला पानावर पाण्याचा थर लागत नाही, उलट साचलेल्या पाण्यात बीजाणू खराब होतात आणि जोराच्या पावसानं धुऊन जातात. हिला पाहिजे काय तर कोरडा दिवस, थंड रात्र, पिकाच्या आत कोंडलेला दमटपणा आणि १५ ते २५ अंशांच्या आसपासचं तापमान. नागपुरात जानेवारीत दुपारी २८ च्या जवळपास आणि पहाटे १२-१३ असतं, सकाळी दव, दहाच्या पुढं लख्ख ऊन, म्हणजे बाप्पा, हिला आमंत्रणच. बीजाणू पानावर पडल्यापासून डोळ्याला दिसेल असा पांढरा ठिपका व्हायला अशा हवेत साधारण ५ ते ७ दिवस लागतात. हा आकडा लक्षात ठेवा कारण आपण किती दिवसांनी चक्कर मारायची ते ह्यावरूनच ठरतं. आठवड्यातून एकदाच गेलात तर तिची एक अख्खी पिढी तुमच्या पाठीमागे होऊन जाते, म्हणून आठवड्यातून दोनदा.

सुरुवात पेरणीनंतर ३-४ आठवड्यांनी करा. तेव्हा काही सापडणार नाही बहुतेक, तरी जा, कारण निरोगी पान कसं दिसतं हे नजरेत बसलं नाही तर रोगट पान ओळखणार कशाच्या जोरावर.

निरोगी पानावरच फसतात लोक

हा भाग जरा सविस्तर सांगतो. वाटाण्याच्या पानावर मुळातच मेणासारखा निळसर-राखाडी थर असतो, द्राक्षावर असतो तसाच. बोट फिरवलं की तो पुसला जातो आणि खाली गडद हिरवं, चकचकीत पान दिसतं. नवखा माणूस म्हणतो, बघा पावडर निघाली, भुरीच आहे. पण हा थर सगळ्या पानावर सारखा पसरलेला असतो, त्याला ठिपका नसतो, कडा नसते, आणि शेंड्याच्या कोवळ्या पानांवरही तो तितकाच असतो. भुरी अशी सरसकट सुरू होत नाही.

दुसरी फसगत म्हणजे चंदेरी चट्टे. बऱ्याच वाणांच्या पानांवर आणि खोडाला मिठी मारून बसलेल्या त्या मोठ्या उपपर्णांवर जन्मजात चांदीसारखे ठिपके असतात. पानाची वरची साल आणि खालचा हिरवा थर ह्यांच्यामध्ये हवा राहते म्हणून ते तसे दिसतात. हे कितीही घासा, निघत नाहीत, कारण वर काही नाहीच. पान जरा वाकवून तिरप्या उन्हात धरा, पृष्ठभाग अगदी गुळगुळीत लागतो. भुरीचा ठिपका तिरप्या उजेडात किंचित उचललेला, लवदार दिसतो. एकदा दोन्ही शेजारी शेजारी पाहिले की पुन्हा कधी चुकत नाही माणूस.

बाकीचे तोतये पटकन उरकतो. रस्त्याकाठची धूळ बोटाला खरखरीत लागते आणि धुऱ्याकडच्या (बांधाकडच्या) ओळींवर जास्त असते. फवारणीचा जुना डाग थेंबाच्या आकाराचा असतो, वाळलेल्या थेंबाला कड येते. माव्यानं टाकलेल्या काती पांढऱ्या दिसतात पण त्या सुट्या असतात, फुंकर मारली की उडतात, आणि जवळपास जिवंत मावा आणि चिकटपणा सापडतोच. नागअळी पानाच्या आत वळणावळणाची पांढरी रेघ काढते, ती ओळखायला भिंगसुद्धा लागत नाही.

केवडा ह्या दुसऱ्या रोगाचं मात्र नीट समजून घ्या, कारण भुरी आणि केवडा ह्यांची औषधं वेगळी आहेत आणि चुकलं तर पैसे पाण्यात. केवड्यात पानाच्या वरच्या बाजूला पिवळट चट्टा पडतो आणि त्याच्याच बरोबर खाली, पान उलटून पाहिलं की, करडी-जांभळट लव दिसते. त्याला गार, ओलसर, ढगाळ हवा लागते. भुरी सहसा पानाच्या वरच्या बाजूला आधी येते, पांढरी असते, आणि पहिल्या दिवसांत तिच्याखालचं पान हिरवंच असतं. तांबेरा तर नारिंगी-तपकिरी पुटकुळ्यांचा, बोटाला गंजासारखा रंग लागतो, त्याच्यात आणि भुरीत गोंधळ व्हायचं कारण नाही, पण हंगामाच्या शेवटी तिन्ही एकाच झाडावर सुखानं नांदताना दिसू शकतात, तेव्हा एक सापडलं म्हणून पाहणं थांबवू नका.

खरी भुरी कशी वाढते

पहिला ठिपका बहुतेक वेळा खालच्या, जुन्या पानावर, गर्दीच्या जागी असतो. बारीक, गोलसर, पांढरा, आणि इतका फिका की सरळ वरून पाहिला तर सुटतो. दोन-तीन दिवसांत तो पसरतो, शेजारच्याला मिळतो, मग पानाची खालची बाजू, देठ, वेलाचे तंतू, खोड आणि शेवटी शेंगा. जोर धरला की सगळं शेत पिठाच्या गिरणीतून काढल्यासारखं दिसतं, त्यातनं चाललं की पँट पांढरी होते. जुन्या डागाखालचं पान पुढे तपकिरी किंवा जांभळट पडतं आणि वाळतं. शेंगेवर आली की शेंग डागाळते, आतला दाणाही करडा-तपकिरी पडू शकतो, आणि मग बाजारात जबलपूरच्या हिरव्यागार मटरच्या ढिगाशेजारी आपल्या मालाला कोण विचारतं. (गच्चीवाल्यांना बाजाराची चिंता नाही, पण दाणे कमी आणि बारीक भरतात हे त्यांनाही लागू.)

शंका असली तर सगळ्यात स्वस्त परीक्षा अशी: संशयित पानाच्या देठाला रंगीत दोरा सैल बांधा, मोबाईलवर फोटो काढा, शेजारी एक रुपयाचं नाणं धरून, म्हणजे आकार कळतो. तीन दिवसांनी तेच पान, तेच नाणं, दुसरा फोटो. धूळ आणि चंदेरी चट्टा वाढत नाही, भुरी वाढते. फोटो काढताना फ्लॅश बंद ठेवा, फ्लॅशमध्ये सगळंच पांढरं होतं. सकाळी आठ-नऊचं तिरपं ऊन सगळ्यात बरं.

भिंग आणि जमलं तर सूक्ष्मदर्शक

१० पटीचं घडीचं भिंग घ्या, सराफ दागिना पाहायला डोळ्याशी धरतात तसलं. भिंग डोळ्याला चिकटवायचं आणि पान जवळ आणायचं, उलटं करायचं नाही (बहुतेक जण पानाजवळ भिंग नेऊन लांबून बघतात आणि म्हणतात काहीच दिसत नाही). ताज्या ठिपक्यात कोळ्याच्या जाळीपेक्षाही बारीक धागे पानावर सपाट पसरलेले दिसतात आणि मधोमध दाणेदार पांढरी पूड. हे धागे पानाच्या वरच राहतात, खाली फक्त सालीच्या पेशीत शोषक मुळ्या घालून अन्न ओढतात. म्हणूनच ही बुरशी बोटानं पुसता येते, आणि म्हणूनच ती जिवंत पानाशिवाय जगत नाही.

आपल्याकडच्या लाल मिरचीवरही भुरी येते, पण ती वेगळ्या जातीची, पानाच्या आत शिरणारी, पांढरी लव खालच्या बाजूला दाखवणारी. शेजारच्या मिरचीवर भुरी आहे म्हणून वाटाण्यावर तीच उडी मारेल असं नाही. काकडी-भोपळ्यावरची भुरीही वेगळी. वाटाण्यावर मुख्यतः एरिसिफी पिसी नावाची बुरशी असते, जुन्या पुस्तकांत हीच एरिसिफी पॉलिगोनी ह्या नावानं सापडेल. त्याशिवाय एरिसिफी ट्रायफोली नावाची तिची बहीणही वाटाण्यावर सापडलेली आहे, ती मसूर आणि क्लोव्हरसारख्या वनस्पतींवरही जगते. डोळ्यानं दोघींत फरक कळत नाही.

कृषीचे विद्यार्थी असाल किंवा ओळखीत कोणाकडे सूक्ष्मदर्शक असेल तर हे करून पाहाच, मजा येते. पारदर्शक सेलोटेपचा तुकडा ताज्या पांढऱ्या ठिपक्यावर हलकेच टेकवा, उचला, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबावर चिकट बाजू खाली करून ठेवा. ४० च्या भिंगाखाली उभे दांडे दिसतील आणि लांबट-अंडाकृती, रंगहीन बीजाणू. वाटाण्याच्या भुरीत दांड्याच्या टोकावर बीजाणू एकेकटा तयार होतो. काकडी-भोपळ्याच्या भुरीत त्यांची माळ असते. कधी कधी शांत, दमट हवेत सुटे बीजाणू एकमेकाला चिकटून खोटी माळ दिसते, म्हणून एका दांड्यावर निकाल देऊ नका, दहा-बारा बघा.

हंगामाच्या शेवटी जुन्या भुरीत मोहरीपेक्षा कितीतरी बारीक गोळे दिसू लागतात, आधी पिवळे, मग तपकिरी, मग काळे. हे कॅस्मोथेसिया, म्हणजे बुरशीची लैंगिक फळं, जुन्या पुस्तकात क्लिस्टोथेसिया. जात पक्की करायची तर ह्यांच्यावरचे केस पाहतात: पिसीचे केस साध्या धाग्यांसारखे, ट्रायफोलीचे लांब आणि टोकाला फाटे फुटलेले असू शकतात. प्रत्येक हंगामात आणि प्रत्येक वावरात हे गोळे सापडतीलच असं नाही. शिवाय भुरीवर जगणारी अँपेलोमायसिस नावाची दुसरी बुरशी आहे, तिचेही बारीक तपकिरी ठिपके भुरीत दिसतात. शत्रूचा शत्रू, तेव्हा तपकिरी दिसलं की घाबरू नका. आणि पानावर पिवळे छोटे ढालकिडे फिरताना दिसले तर त्यांना मारू नका, इलेइस जातीचे ढालकिडे भुरीच खातात. ते दिसले म्हणजे जवळपास भुरी आहे ही खबरही फुकटात मिळते.

चक्कर कशी मारायची

धुऱ्यावर उभं राहून पाहणं म्हणजे पाहणं नाही. वावरात इंग्रजी डब्ल्यूच्या आकारात चाला, १० जागी थांबा, प्रत्येक जागी ५ झाडं, प्रत्येक झाडाचं एक खालचं पान. झाले ५० नमुने. जागा आधीच ठरवून घ्या, पावलं मोजून, म्हणजे "इथं पांढरं दिसतंय, इथंच बघू" असं होत नाही. वाईट दिसणारीच झाडं निवडली तर आकडा फुगतो, चांगली निवडली तर झोप लागते, दोन्ही फसवे. त्याशिवाय काही जागा रोज जाता-येता बघायच्या, त्या ५० मध्ये धरायच्या नाहीत: जिथं दाट उगवलंय, झाडाखालची सावलीची बाजू, शेजारी गेल्या वर्षी वाटाणा होता ती कड, आणि ठिबकचं पाणी जास्त होऊन जिथं वेल माजलेत तो कोपरा. मौदा-रामटेककडे शेजारी लाखोळी (एक कडधान्य) असेल तर त्यातही डोकावून या, तिच्यावरही भुरी येते.

सकाळी दव उडून गेल्यावर जा. दवात पान ओलं असताना पांढरं नीट दिसत नाही आणि दुपारच्या उन्हात सगळं चमकतं. अवकाळी पाऊस झाला तर दुसऱ्या दिवशी पान धुतलेलं, स्वच्छ दिसेल आणि वाटेल भुरी गेली. गेलेली नसते. ऊन पडल्यावर आठवड्याच्या आत पुन्हा तेच दोऱ्याचं पान बघा.

कुंड्यावाल्यांनी दहा जागा कुठून आणायच्या, तर सगळी झाडं बघा, खालची दोन-दोन पानं उलटून-पालटून, पाच मिनिटांचं काम.

वहीत काय लिहायचं

प्रत्येक पानाला गुण द्यायचे. पानाचा किती भाग पांढरा ह्यावरून: अजिबात नाही तर ०, एक टक्क्यापेक्षा कमी म्हणजे एखाददुसरा ठिपका तर १, दहा टक्क्यांपर्यंत ३, पंचवीसपर्यंत ५, पन्नासपर्यंत ७, त्याच्या वर ९. सुरुवातीला अंदाज चुकतो, माणूस नेहमी जास्तच सांगतो, कारण पांढरा रंग डोळ्यात भरतो. कागदावर पानाचा आकार काढून त्यात दहा टक्के, पंचवीस टक्के भाग रंगवून पाहा, नजर तयार होते.

समजा वहीतली नोंद अशी: १२ जानेवारी, सकाळी साडेनऊ, पेरणी ५ नोव्हेंबरची, शेंगा भरत आहेत, रात्री थंडी, दव भरपूर, पाऊस नाही. ५० पानांपैकी ३० ला ०, १० ला १, ६ ला ३, ४ ला ५. आता बेरीज: १० अधिक १८ अधिक २०, म्हणजे ४८. सगळीच पानं ९ गुणांची असती तर ४५० झाले असते. ४८ भागिले ४५० गुणिले १००, साधारण १०.७ टक्के. ही झाली तीव्रता. आणि ५० पैकी २० पानांवर काहीतरी आहे, म्हणजे प्रादुर्भाव ४० टक्के. दोन्ही आकडे लिहा, कारण ते वेगवेगळी गोष्ट सांगतात: ४० टक्के पानांवर पोचलीय पण अजून पातळ आहे, म्हणजे पसरलीय नुकतीच. चार दिवसांनी तीव्रता कितीवर गेली हे पाहिलं की वेग कळतो, आणि निर्णय वेगावर घ्यायचा असतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकून विचारणाऱ्यांनी ही नोंदही सोबत टाकावी. नुसता फोटो टाकला की चार जण चार औषधं सांगतात, आकडे टाकले की निदान दोघं तरी विचार करून बोलतात.

सापडली, आता पुढं

इतक्या टक्क्यांला फवारायचं असा एकच आकडा सगळ्यांना लागू होत नाही. माझा हिशोब असा: फुलोरा किंवा शेंगा भरायच्या आत भुरी पक्की सापडली आणि पुढच्या चकरेत वाढली, तर उशीर करायचा नाही. शेवटच्या तोड्याला आठ-दहा दिवस उरलेत आणि डाग खालच्याच पानांवर आहेत, तर खर्च करू नये.

सगळ्यात जुनं आणि परवडणारं म्हणजे पाण्यात मिसळणारं गंधक, ८० टक्क्यांचं, १० लिटर पाण्यात साधारण २५ ग्रॅम. पानाच्या दोन्ही बाजू आणि खालची गर्दी भिजली पाहिजे, नुसते शेंडे ओले करून उपयोग नाही. भर उन्हात, पारा ३२ च्या वर असताना मारू नका, पानं करपतात, आणि निंबोळी तेल किंवा कुठलंही तेल मारलं असेल तर दोन आठवड्यांचं अंतर ठेवा. ट्रायझोल गटातली औषधंही आहेत, पण तोच गट पुन्हा पुन्हा मारला की बुरशी सरावते, म्हणून आलटून पालटून. डब्याच्या लेबलवर वाटाणा आणि भुरी दोन्ही लिहिलंय का, आणि फवारणीनंतर किती दिवस तोडा करायचा नाही, हे दुकानातच वाचून घ्या. जुन्या पुस्तकात ट्रायडेमॉर्फ नावाचं औषध लिहिलेलं सापडेल, त्यावर आता बंदी आहे. फवारल्यानंतरही चक्कर चालूच, नवीन पानांना वेगळे गुण द्या, कारण जुना डाग मेला तरी दिसत राहतो.

पुढच्या वर्षीसाठी वाण बदलायचा विचार करा. आर्केल आणि बोनव्हिल चवीला छान पण भुरीला बळी पडतात. बेंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेचा अर्का अजित भुरी आणि तांबेऱ्याला प्रतिकारक म्हणून काढलेला आहे, वाळल्या दाण्याच्या वाटाण्यात 'रचना' नावाचा वाण आहे. ही प्रतिकारशक्ती बहुतेक ठिकाणी ईआर-१ नावाच्या एका जनुकातून येते, हार्लंड ह्या शास्त्रज्ञानं ती १९४८ साली पेरू देशातल्या वाटाण्यात नोंदवली आणि ती अजूनही बऱ्यापैकी टिकून आहे. म्हणूनच प्रतिकारक वाणावर भुरी दिसली तर ती खास नोंद घेण्यासारखी गोष्ट, कारण ती ट्रायफोलीही असू शकते. अशी पानं प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका, घाम येऊन सडतात. वर्तमानपत्रात दाबून वाळवा, कागदी पाकिटात घाला, वर तारीख, गाव, वाण लिहा आणि नागपुरात महाराजबागेजवळच्या कृषी महाविद्यालयात वनस्पती रोगशास्त्र विभागात किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. काळे गोळे असलेली जुनी पानं असतील तर तीच न्या, जात ओळखायला तीच लागतात.

शेवटचा तोडा झाला की वेल उभे ठेवून देऊ नका. उपटताना तोंडाला रुमाल बांधा, पांढरी पूड नाकात जाते आणि काहींना त्रास होतो. वेल गाडून टाका, आणि धुऱ्यावर, गोठ्यामागं आपोआप उगवलेले वाटाण्याचे रोप दिसतील तेही काढा.